मुंबई–नागपूर दीड तास, आणि आईपर्यंत तेरा तास

मुंबई ते नागपूर हवाई अंतर साधारण ६९० किलोमीटर. तिकिटावर वेळ दीड तास. बाबा गेल्यावर आईने वर्ध्याला एकटीने राहायचं की नाही, हे ठरवायला आम्ही भावंडं बसलो, तेव्हा या दीड तासाच्या भरवशावरच सगळं ठरलं. "काही झालंच तर विमानाने दीड तासात पोचतो," हे मीच म्हणालो होतो.

गेल्या महिन्यात गुरुवारी रात्री पावणेनऊला शेजारच्या काकूंचा फोन आला. आई न्हाणीघरात घसरून पडली होती. ठाण्याहून शेवटचं विमान गाठणं शक्यच नव्हतं. विदर्भ एक्सप्रेस कधीच निघून गेलेली. समृद्धी महामार्ग आता आमण्यापासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर सलग झालाय, पण अशा मनःस्थितीत रात्रभर एकट्याने गाडी चालवायची नाही म्हणून बायकोने किल्ली काढून घेतली. बरोबरच केलं तिने.

(याच नागपुरात १९४९ पासून कित्येक वर्षं मध्यरात्री दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासची टपालाची विमानं एकत्र यायची. त्या रात्री मला हे सारखं आठवत होतं.)

पहाटे साडेतीनला घर सोडलं, सहाचं विमान. दारं बंद झाल्यावर पाऊण तास रांगेत उभे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. हवेत जेमतेम एक तास दहा मिनिटं. मग नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून टॅक्सी, बुटीबोरीवरून वर्धा, पंचाहत्तर किलोमीटर. आईच्या खाटेपाशी पोचलो तेव्हा दहाला दहा कमी होते. तिच्या मनगटाला प्लास्टर. काकू रात्रभर जागून उशाशी बसलेल्या, त्यांच्या कपातल्या चहावर साय धरलेली. आईने विचारलं, "काही खाल्लं का रे?"

तिकिटावरचा दीड तास खोटा नसतो. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. चाकांना लावलेले ठोकळे काढून विमान हललं की तो सुरू होतो, आणि दुसऱ्या विमानतळावर ते उभं राहिलं की संपतो. तो विमानाचा हिशोब झाला. आपला हिशोब घराला कुलूप लावल्यापासून सुरू होतो, आणि रात्री फोन आला तर त्यात पहाटेपर्यंतचं थांबणंही धरावं लागतं. आईवडिलांबद्दलचे निर्णय कृपा करून त्या तिकिटावरच्या आकड्यावर घेऊ नका. आम्ही घेतला होता.

आता घराची एक किल्ली काकूंकडे दिलीय. न्हाणीघरात धरायला दांडे बसवलेत. दर महिन्याला आम्हा भावंडांपैकी एक जण आठवडाभर तिथे राहतो, ऑफिसचं काम तिथूनच.

तुमच्या दारापासून आईवडिलांच्या दारापर्यंत रात्री नऊनंतर निघालात तर खरे तास किती लागतात, ते मोजून खाली लिहा.