‘चष्मा गेला, पण रात्रीचे दिवे फुटले’ या अभिप्रायास रुग्णालयाचे उत्तर

नमस्कार,

तीन महिन्यांपूर्वी आमच्याकडे लेसिक, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवणारी लेसर शस्त्रक्रिया, करून घेतल्यावर दिवसा 6/6 दिसते, परंतु रात्री कसारा घाटात समोरच्या गाड्यांच्या दिव्यांभोवती वलये दिसतात आणि तक्रार केल्यावर ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढेच ऐकवले गेले, असे आपण लिहिले आहे. आपल्या तपासणीचे आकडे येथे जाहीर करणे उचित नाही; मात्र ते उत्तर अपुरे होते, हे मी मान्य करतो.

पांढऱ्या तक्त्यावरची काळीभोर अक्षरे वाचता आली की 6/6 लिहिले जाते. अंधूक उजेडात करड्यावरचे करडे किती वेगळे दिसते, हे त्या तक्त्यावर कळतच नाही. उणे नंबर (दूरचे अंधूक दिसण्याचा) घालवताना लेसर कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्याचा, मधला भाग सपाट करतो आणि पूर्ण दुरुस्तीचे हे क्षेत्र साधारण 6 ते 6.5 मिलिमीटर रुंद असते. अंधारात बाहुली त्याहून मोठी झाली, तर कडेच्या भागातून येणारे किरण निराळ्या ठिकाणी एकत्र येतात आणि दिव्याभोवती वलय उमटते; नंबर जितका मोठा, तितका हा फरक अधिक. शिवाय फ्लॅप, म्हणजे लेसरआधी उचलायचा कॉर्नियाचा पातळ पापुद्रा, करताना कॉर्नियाच्या नसा कापल्या जातात, काही महिने डोळा कोरडा राहतो आणि अश्रूंचा थर विस्कटला की दिसणेही विस्कटते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या ‘प्रॉवल’ अभ्यासात, शस्त्रक्रियेपूर्वी असा कोणताही त्रास नसलेल्यांपैकी 46 टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनी वलये, चकाकी यांसारखे किमान एक लक्षण नोंदवले. त्यामुळे रोजच्या कामात फार अडचण आलेले एक टक्क्याहून कमी होते. दुसरा आकडा आम्ही डॉक्टर आवर्जून सांगतो. पहिला आकडा, विशेषतः रात्री गाडी चालवणाऱ्याला, संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी सांगायला हवा होता.

बहुतेकांचा हा त्रास महिन्यांगणिक कमी होतो, सर्वांचा पूर्ण जातोच असे नाही. अंधाऱ्या खोलीत बाहुलीचे माप, कॉन्ट्रास्टची (फिक्या छटांतला फरक ओळखण्याची) चाचणी, अश्रूंची तपासणी आणि उरलेला नंबर हे सर्व मी स्वतः, विनाशुल्क पाहीन. थोडा नंबर उरला असल्यास रात्रीपुरता चष्मा उपयोगी पडतो. नजर स्थिर होईपर्यंत पुन्हा लेसर करण्याचा सल्ला मी देणार नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घालावे लागतील, तेव्हा कृपया सोबत कोणाला तरी आणावे आणि तोवर रात्रीचा घाट टाळावा.

रुग्णालयाचे संचालक व नेत्रशल्यचिकित्सक