हमाली किती?

काल कंपनीने मला एक कोर्स लावला. सक्तीचा. तीन भाग, प्रत्येकी ४० मिनिटं, शेवटी परीक्षा. पहिल्याच भागात एक गुलाबी डुक्कर, पाठीला पैसे टाकायची फट असलेलं, डोळे मिचकावून विचारतं, ‘गरज कशाला म्हणायचं आणि हौस कशाला?’ मी ४६ वर्षांचा आहे. पुण्यात इंजिनिअरिंग केलं, न्यू जर्सीत घर घेतलं, एक हप्ता कधी चुकवला नाही. आणि आता डुक्कर मला शिकवणार. का, तर मी भर मीटिंगमध्ये फी किती ते विचारलं. म्हणजे खरं तर मी नाही, नानांनी विचारलं.

नाना माझे सासरे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात ३८ वर्षं दिवाणजी होते. सध्या एडिसनला आमच्याकडे मुक्काम. सकाळी फेरफटका, दुपारी अडकित्ता आणि सुपारी, आणि उरलेला वेळ जावयाकडे बघत बसणं.

मी मे महिन्यात नोकरी बदलली. इथे नोकरी बदलली की म्हातारपणाचीही बदली होते. म्हातारपणासाठी साठवायच्या त्या प्लॅनचं नाव फोर-ओ-वन-के. हा चक्क करकायद्यातल्या कलमाचा नंबर आहे, १९७८ च्या कायद्याने घातलेल्या. आपल्याकडे कुणी कलमाचा नंबर सांगितला तर माणूस आधी वकील शोधतो. इथे त्यावर म्हातारपण काढतात. पगारातून पैसे कापले जातात, त्यात मालक थोडी भर घालतो, आणि ते मालकाने निवडलेल्या फंडांत जातात. मालकाने. हे जरा लक्षात ठेवा.

तर एका शनिवारी मी तीन प्लॅनचे कागद जेवणाच्या टेबलावर पसरले: जुन्या कंपनीचा, नव्या कंपनीचा आणि बायकोच्या हॉस्पिटलचा. तिचा फोर-ओ-थ्री-बी, कारण हॉस्पिटल धर्मादाय. (बिल बघून तसं वाटत नाही, पण असो.) २०१२ पासून प्रत्येक फंडाची फी टक्क्यांत आणि हजार डॉलरमागे किती, अशी दोन्ही प्रकारे छापून देणं बंधनकारक आहे. छापतातही. ३८ पानांच्या कागदात ३१ व्या पानावर, मुंगीने पाय पुसल्यासारख्या अक्षरांत.

बायकोच्या फंडाला विम्याचं वेष्टण, लवकर बाहेर पडलं तर दंड. ते मी बाजूला ठेवलं, कारण घरात शांतता हवी होती. उरले माझे दोन. दोन्हींत अमेरिकेतल्या त्याच ५०० मोठ्या कंपन्यांचा इंडेक्स फंड, म्हणजे यादीत जे आहे ते सरसकट घेणारा. ढिगात डोळे मिटून हात घातला तरी तोच माल. जुन्या ठिकाणी फी ०.०२ टक्के, वर हिशेब ठेवायचे तिमाहीला सरसकट १३ डॉलर. नव्या ठिकाणी ०.५८ टक्के आणि प्रशासनाचे म्हणून आणखी ०.३३.

“रक्कम किती?” नानांनी सुपारी कातरता कातरता विचारलं.

जावयाने सासऱ्याला शिल्लक सांगू नये, पण माझ्या तोंडून निघून गेलं. “एक लाख ऐंशी हजार.”

मी फोनवर कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत नाना म्हणाले, “जुन्याकडे अठ्ठ्याऐंशी. नव्याकडे सोळाशे अडतीस. वर्षाला.” लहानपणी पावकी-निमकी पाठ केलेल्या माणसापुढे फोन काढू नये.

“पट्टी दाखवा,” ते म्हणाले. त्यांच्या काळी शेतकऱ्याचा माल विकला की अडत्या त्याला पट्टी द्यायचा. एकूण रक्कम, वजा अडत, वजा हमाली, वजा तोलाई, खाली निव्वळ. मी तिमाहीचं स्टेटमेंट दिलं. नानांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. प्रशासनाचे ०.३३ टक्के एका ओळीत सापडले. ०.५८ चा कुठे पत्ता नाही. मी समजावलं की ते वेगळे कापत नाहीत, रोज फंडातून थोडे थोडे काढून घेतात आणि मग उरलेला भाव आपल्याला सांगतात.

“मग ही हमाली नव्हे, जावईबापू. हा कडता आहे.” हमाली कागदावर तरी येते. कडता म्हणजे वजनातच परस्पर कापायचं. पोत्याचं वजन, माती, ओलावा, काहीतरी सांगून. पट्टीवर ओळच नाही, तर शेतकरी भांडणार कशावर? नानांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एक प्रकारची व्यावसायिक दाद होती.

मंगळवारी नव्या कंपनीची व्हिडिओ मीटिंग. जुने पैसे इकडे आणा म्हणून सांगायला प्लॅनतर्फे एक ‘कोच’ आला होता. मागे खोटा समुद्रकिनारा, आणि मान हलवली की त्याचे कान पाण्यात विरघळायचे. नाना खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले.

“याला कान का नाहीत?”

“आहेत नाना, कॉम्प्युटर खातोय.”

“आपण विचारलेलं ऐकू येईल ना?”

कोच म्हणाला, “निवृत्ती म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? प्रत्येकाने एक शब्द सांगा.” कुणी म्हणालं गोल्फ, कुणी नातवंडं. माझी पाळी आली, माझा माइक उघडला, आणि नाना पुढे झुकून खणखणीत आवाजात म्हणाले, “हमाली किती?”

क्षणभर शांतता. मग कोचचा चेहरा उजळला. “हमाली! वा! काय सुंदर नाव आहे! बालीच्या जवळ का?”

२३ सहकाऱ्यांसमोर त्याने पडद्यावरच्या ‘स्वप्नांच्या फळ्या’वर ते लिहिलं: हमाली. कुणीतरी खाली नारळाचं झाड टाकलं. आमच्या अकाउंट्समधल्या बाईंनी लिहिलं, ‘आम्हीही जाऊन आलोय, अप्रतिम!’ या बाई माझे खर्चाचे कागद तपासतात.

मी म्हटलं, अहो ते गाव नव्हे, ओझं वाहण्याचा मोबदला. आणि आता विषय निघालाच आहे तर सांगा, तोच ५०० कंपन्यांचा फंड बाहेर इतका स्वस्त मिळत असताना आपल्याकडे ०.५८ का?

“छान प्रश्न,” कोच म्हणाला. इथे ‘छान प्रश्न’ म्हणजे उत्तर मिळणार नाही. “पण प्रवासाला निघताना टोल बघत नाहीत, मुक्काम बघतात.”

हे कुणाला, तर न्यू जर्सीच्या माणसाला! जो टर्नपाइकचा टोल वाचवायला रूट वनच्या सिग्नलांवर अर्धं आयुष्य उभा असतो, त्याला!

मी सरकारचंच उदाहरण काढलं. कामगार खात्याच्या पुस्तिकेत आहे: २५,००० डॉलर, पुढे एक पैही भरली नाही, ३५ वर्षं, सात टक्के परतावा. अर्धा टक्का फी असेल तर २,२७,००० होतात. दीड टक्का असेल तर १,६३,०००. एका टक्क्यात २८ टक्के गायब. मी ‘गायब’ शब्दावर पोचलो तेव्हा माझा माइक बंद झालेला होता. तासाभरात ईमेल आली: मीटिंगला पाहुणे आणू नयेत, आणि आर्थिक विषयांत मला ‘विशेष रस’ दिसल्यामुळे हा कोर्स.

कॅलिफोर्नियात २००७ साली एका वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी याच दुखण्यावर खटला भरला होता. तेच फंड घाऊक वर्गात स्वस्त उपलब्ध असताना प्लॅनने किरकोळ भावाचे घेतले, ही तक्रार. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की फंड एकदा निवडून हात झटकता येत नाहीत, त्यांच्यावर लक्ष ठेवत राहणं हे प्लॅन चालवणाऱ्यांचं कर्तव्य आहे. त्या कंपनीचं नाव एडिसन. आमच्या गावाचंही नाव एडिसन. दिवा लावणाऱ्या एकाच माणसाचं नाव, आणि दोन्हीकडे उजेड पडायला कोर्ट लागतं.

मी काही कोर्टात जाणार नाही. ६० माणसांची कंपनी आहे, उद्या त्याच कॉफी मशीनपाशी उभं राहायचंय. एचआर म्हणतं, कमिटीपुढे ठेवू. कमिटी म्हणजे मालक, मालकाची मेहुणी आणि तो कोच. भाजीवाला महाग वाटला तर माणूस दुसऱ्या गाडीवर जातो. इथे मालकाची चार टक्क्यांची भर हवी असेल तर याच गाडीवर, याच भावात. जुने पैसे मी जुन्याच ठिकाणी ठेवले. नवे मात्र दर पंधरवड्याला कडत्यात जातात.

काल रात्री कोर्स संपवत आणला. गरज आणि हौस यांत मी दोनदा नापास झालो. डुकराच्या मते कॉफी हौस आहे. शेवटचा प्रश्न: ‘निवृत्तीनंतर तुम्हाला कुठे पोचायचंय?’ उत्तर लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. मागून अडकित्त्याचा आवाज आला. “टाका,” नाना म्हणाले.

मी टाकलं. लगेच प्रमाणपत्र आलं, सोनेरी किनारीचं, वर माझं नाव: ‘अभिनंदन! हमालीच्या दिशेने तुमचं पहिलं पाऊल पडलं आहे.’