मेसेजमधून गळलेला शब्द: ‘खारं’

पावसाळा तोंडावर आला की घरच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. फ्लोरिडातल्या जळत्या इलेक्ट्रिक गाडीचा व्हिडिओ आणि खाली मजकूर: ‘पुराचं पाणी लागलं की ही गाडी बॉम्ब होते. वादळात पळायची वेळ आली तर रस्त्यातच बंद पडते. म्हणूनच अमेरिकेत हिचा बाजार बसला. आणि तिथले लोक विम्याच्या पैशांवर पुन्हा त्याच पुरात घरं बांधतात.’ यंदा तो चिपळूणच्या मामाने पाठवला आणि खाली विचारलं, ‘घेऊ की नको?’ मी फ्लोरिडात टँपाजवळ राहते, म्हणून उत्तर सविस्तर देते.

गाड्या पेटल्या, हे खरं आहे. सप्टेंबर 2022 मध्ये इयन वादळाने फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्स बीच आणि सॅनिबेलच्या किनाऱ्यावर समुद्रच आत लोटला. अंदाजे 3,000 ते 5,000 इलेक्ट्रिक गाड्या त्या पाण्यात सापडल्या आणि सुमारे 36 पेटल्या. म्हणजे शंभरात एखादी. ज्याच्या बेडरूमखाली ती एखादी उभी असेल, त्याला हा आकडा लहान वाटणार नाही, आणि वाटूही नये. पण उरलेल्या नव्व्याण्णव पेटल्या नाहीत, हे मेसेज सांगत नाही.

त्याहून महत्त्वाचा शब्द त्याने गाळलाय: ‘खारं’. समुद्राचं पाणी बॅटरीत शिरलं की आतले भाग गंजतात. पाणी ओसरतं, वाळतं, पण मीठ आतच राहतं आणि त्यातून वीज नको तिथे वाट काढते. एक सेल तापतो, मग त्याच्या शेजारचा. त्यामुळे काही गाड्या पुरात नाही, तर नंतर काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी पेटतात. काही तर टो करून नेताना पेटल्या.

2024 मध्ये हेलीन वादळानंतर एका मैत्रिणीकडे चिखल उपसायला गेले होते. गॅरेजच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर पाण्याची तपकिरी रेघ होती. तिच्याखालच्या सॉकेटच्या भोकांत पांढरी खपली धरली होती, नखाने खरवडली तर चुरा झाला. ते मीठ होतं. तिथे इलेक्ट्रिक गाडी नव्हतीच, तरी मेन स्विच चालू करायची आमची हिंमत झाली नाही. 2012 च्या सँडी वादळात न्यूयॉर्कच्या ब्रीझी पॉइंटमध्ये शंभरावर घरं जळून गेली, ती एका घराच्या वायरिंगला समुद्राचं पाणी लागल्यामुळे.

मामा, 2021 च्या जुलैत तुमच्याकडे शिरलं ते वाशिष्ठीचं, पावसाचं पाणी. गोड्या पाण्यात आगीचा धोका बराच कमी. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. बॅटरीत पाणी शिरत नाही हे सांगायला कंपन्या ‘आयपी67’ हे मानांकन अभिमानाने छापतात, त्याची चाचणी एक मीटर पाण्यात अर्ध्या तासाची असते आणि तुमच्याकडे पाणी किती तास होतं ते तुला माहीतच आहे. बुडालेली गाडी चालू करू नये, चार्जिंगला लावू नये, घरापासून निदान 15 मीटर लांब ठेवावी आणि आधी तपासून घ्यावी.

रस्त्यात बंद पडण्याचं म्हणशील, तर 2005 मध्ये रीटा वादळाच्या भीतीने ह्यूस्टनच्या परिसरातून पंचवीस लाखांच्या आसपास माणसं निघाली, तेव्हा हायवेवर तेल संपून उभ्या राहिलेल्या गाड्या पेट्रोलच्याच होत्या. ऑक्टोबर 2024 मध्ये मिल्टन वादळाच्या आधी फ्लोरिडातले जवळपास पाव पंप कोरडे पडले. इलेक्ट्रिकवाल्यालाही रांग आणि वीज जाण्याची भीती असतेच, पण आदल्या रात्री घरीच चार्ज करून पहाटे निघता येतं.

बाजाराचं तर साफ चुकीचं आहे. 2024 मध्ये अमेरिकेत सुमारे 13 लाख इलेक्ट्रिक गाड्या विकल्या गेल्या आणि कॅलिफोर्नियाखालोखाल सर्वांत जास्त आहेत त्या याच वादळांच्या फ्लोरिडात. खप घसरला तो 7,500 डॉलरची करसवलत 30 सप्टेंबर 2025 ला बंद झाल्यावर.

राहिला विमा. यातलं अर्धं मला मान्य आहे. 1968 पासूनची सरकारी पूरविमा योजना कर्जात बुडाली आहे, 2017 मध्ये तिचं 16 अब्ज डॉलरचं कर्ज माफ करावं लागलं. पण विमा घराच्या बांधकामाला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर देतो, आणि इथे तीस वर्षांचं गृहकर्ज फेडत असलेला माणूस घर सोडून जाणार कुठे? सँडीनंतर न्यूयॉर्कमधल्या स्टेटन आयलंडच्या ओकवुड बीचवर सरकारने घरं विकत घेतली, जमीन मोकळी सोडली. तसा पर्याय फार थोड्यांना मिळतो.

शिवाय घर जसंच्या तसं उभं करताही येत नाही. पूरक्षेत्रात दुरुस्तीचा खर्च घराच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की ते नव्या नियमांनुसार उंच करावं लागतं. खांबांवर घर, आणि खाली फक्त पार्किंग, अडगळ आणि जिना. फोर्ट मायर्स बीचवर अशी घरं उभी राहताहेत. माणसं वर सुरक्षित, पण गाडी बरोबर समुद्र येतो त्या पातळीवर, आणि तिच्या डोक्यावर झोपायच्या खोल्या. मला काळजी वाटते ती याची. वादळाचा इशारा मिळताच गाडी तिथून हलवलीच पाहिजे.

तेव्हा मामा, गाडी घे. फक्त त्याआधी 2021 ला तुझ्या इमारतीच्या पार्किंगमध्ये पाणी कुठवर चढलं होतं ते सांग, आणि रात्री दोन वाजता गाडी काढून नेता येईल अशी उंचावरची जागा जवळपास कुठे आहे तेही.