सोन्याचा मुलामा आणि वीरपत्नींचे नाव

१९७१ च्या विजयाच्या स्मरणार्थ सरकारने २४ कॅरेट सोन्याचे, ५,००० रुपये मूल्याचे मर्यादित नाणे काढले असून त्याच्या विक्रीतील वाटा वीरपत्नींना मिळतो, असा संदेश सध्या फिरत आहे. सैन्यातून निवृत्त झालेल्या माझ्या काकांनी तो खरा मानून पेन्शनमधून दोन नाणी मागवली, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

२०११ च्या नाणे कायद्यानुसार नाणी पाडण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे आणि नाण्याचे दर्शनी मूल्य १,००० रुपयांपेक्षा अधिक असू शकत नाही. त्यामुळे ५,००० रुपयांचे सरकारी नाणे ही गोष्टच संभवत नाही. १९६५ च्या युद्धाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त २०१५ मध्ये सरकारने स्मारक नाणे काढले होते, एवढे मान्य करावे लागेल. पण ते ५ रुपयांचे होते आणि निकेल-पितळेचे होते.

‘२४ कॅरेट’ हे शब्दही अर्धेच खरे आहेत. वरचा थर शुद्ध सोन्याचा असेलही, परंतु नाण्यासोबतच्या पत्रकात बारीक अक्षरांत ‘मुलामा’ असे छापलेले आहे. ४० मिलिमीटर व्यासाच्या आणि ३ मिलिमीटर जाडीच्या नाण्याचे पृष्ठफळ सुमारे २९ चौरस सेंटिमीटर भरते, त्यावर ०.१ मायक्रॉनचा थर दिला, तर सोने लागते साडेपाच-सहा मिलिग्रॅम. सोन्याचा भाव ग्रॅमला १५,००० रुपये धरला, तरी हे सोने शंभर रुपयांचेही होत नाही. सराफाकडे अशा नाण्याला मोड येत नाही, कारण ते सोने सुटे करण्याचा खर्चच त्याच्या किमतीहून अधिक होतो.

नाणी ‘मर्यादित’ आहेत म्हणावे, तर एकूण किती पाडली हा आकडा कुठेच दिलेला नाही.

सर्वांत संतापजनक आहे तो वीरपत्नींचा उल्लेख, कारण काकांनी पैसे भरले ते मुख्यतः त्यासाठीच. किती वाटा, कोणत्या निधीत आणि कोणाच्या देखरेखीखाली जातो, याबद्दल संदेशात किंवा पत्रकात एक अक्षरही नाही. युद्धात पती गमावलेल्या स्त्रियांच्या नावाने माल खपवायचा आणि हिशेब मात्र द्यायचा नाही, हे सर्वस्वी निषेधार्ह आहे. सैनिकांच्या कुटुंबांना मदत करण्यासाठी सशस्त्र सेना ध्वजदिन निधी आहे. ध्वजदिन ७ डिसेंबरला असला, तरी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात देणगी केव्हाही देता येते आणि तिची पावती मिळते.