१८४ रुपये

दिवाळीत सिंगापूरहून पुण्याला गेले होते. डेक्कनवरच्या एका हॉटेलात आम्ही चौघं जेवलो. बिल आल्यावर काकांनी चष्मा लावला. जेवणाचे १,८४०, खाली सर्व्हिस चार्ज १८४, आणि दोन्हींच्या बेरजेवर पाच टक्के जीएसटी.

काका शांतपणे म्हणाले, "एवढा सर्व्हिस चार्ज काढून आणा."

मॅनेजर आला. "साहेब, सिस्टिममध्येच आहे, निघत नाही."

"बरं, मग मी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, फोन लावतो. तोवर तुम्ही सिस्टिम बघा."

पाच मिनिटांत निघाला. १८४ गेले, त्यांच्यावरचे नऊ रुपये वीस पैसेही गेले. उठताना काकांनी वेटरच्या हातात शंभराची नोट दिली.

आणि गाडीत बसल्यावर चुलतभाऊ म्हणतो, "बाबा, जाऊ द्या ना! एवढ्याशा पैशांसाठी काय शोभा करता? हिच्या सिंगापूरला कुणी असं करतं का?"

ते वाक्य मला अजून सलतंय. चूक हॉटेलची आणि शोभा काकांनी केली? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्येच सांगितलंय की सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालायचा नाही, दुसऱ्या नावाने घ्यायचा नाही, आणि तो धरून वर जीएसटी तर नाहीच. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. २८ मार्च २०२५ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या, वर प्रत्येकी एक लाखाचा दंड ठोठावला. टीप द्यायला कुणाची ना नाही. द्यायची की नाही आणि किती, ते जेवणाऱ्याने ठरवायचं. काकांनी दिलीच की!

राहता राहिलं सिंगापूर. इथे दहा टक्के सर्व्हिस आणि त्या बेरजेवर नऊ टक्के जीएसटी आम्ही देतो. शंभराचं जेवण ११९ डॉलर ९० सेंटला पडतं. पण मेनूवर किमतीपुढे प्लस प्लस (++) छापलेलं असतं, म्हणजे सर्व्हिस आणि जीएसटी वेगळे लागणार हे बसतानाच कळतं. शेंगदाणे आणि वेट टिश्यू न मागता टेबलावर येतात, त्यांचेही पैसे लागतात. नको म्हटलं की बिलातून निघतात. सिस्टिमचं कारण कुणी सांगत नाही. पुण्यातल्या मॅनेजरने एवढं तरी शिकावं, असं मला मनापासून वाटतं.

हे सगळं भावाला फोनवर ऐकवणार होते. ऐकवलं नाही, त्याला कारण आहे.

मागच्या वर्षी काका-काकू इथे आले होते. चायनाटाउनमध्ये जेवलो. बिलात टिश्यूचे दोन डॉलर होते, आणि चारही पाकिटं न फोडलेली टेबलावर पडलेली. काकांनी बोट ठेवलं. "हे आपण वापरलंच नाही. सांग ना तिला."

मी म्हटलं, "काका, जाऊ द्या ना."

ती मुलगी शेजारीच उभी होती. सांगितलं असतं तर तिने लगेच काढले असते, हे मला पक्कं ठाऊक होतं. अकरा वर्षं इथे राहते, कर भरते, मुलगी इथल्या शाळेत जाते. तरी तोंड उघडवलं नाही. उगाच आवाज चढेल, चार माना वळतील, "हे इंडियन लोक" असं कुणाच्या तरी मनात येईल, याचीच धास्ती. पुण्यात काका मॅनेजरशी बोलत होते तेव्हा मी त्यांच्या शेजारी ताठ बसले होते. तिथे कुणी काय म्हणेल, हा विचारही शिवला नव्हता.

त्या रात्री काका पुढे काही बोलले नाहीत. चारही पाकिटं उचलून त्यांनी काकूंच्या पर्समध्ये टाकली.