खुर्ची रिकामी आहे, घाई कसली?

अभिनंदन! बातम्यांची खिल्ली उडवणाऱ्या तुमच्या कार्यक्रमाचा होस्ट सोडून गेलाय, आणि नवा शोधायचं झेंगट वरच्या साहेबांनी तुमच्या गळ्यात मारलंय. उद्यापासून जो भेटेल तो नावं सुचवणार. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत. तुमचा मेहुणासुद्धा. सगळी नावं वहीत उतरवून घ्या, गंभीरपणे मान डोलवा, आणि कुणालाही नेमू नका.

हसू नका. हे शास्त्र न्यूयॉर्कच्या कॉमेडी सेंट्रल चॅनेलने प्रयोगाने सिद्ध केलेलं आहे. त्यांच्या 'द डेली शो'चा होस्ट ट्रेव्हर नोआ याने २९ सप्टेंबर २०२२ ला चालू कार्यक्रमातच आपण निघालो म्हणून सांगून टाकलं. ८ डिसेंबरला त्याचा शेवटचा भाग झाला. त्यानंतर सोमवार ते गुरुवार चारही रात्री स्वतःच्या नावावर खुर्ची असलेला माणूस त्या कार्यक्रमाला लाभलेला नाही. आणि कार्यक्रम चालूच आहे. म्हणजे होस्टवाचून अडतं ही समजूत होती. ती कुणी पसरवली, हे होस्ट लोकांनाच विचारा.

पूर्वीचे लोक भाबडे होते. १९९६ साली कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्यांनी ईएसपीएनवर खेळाच्या बातम्या देणारा क्रेग किलबॉर्न आणला. उंच, गोरा, निवेदकासारखा दिसणारा. अडीच वर्षांत तो दुसऱ्या चॅनेलकडे गेला. मग जॉन स्ट्युअर्ट. याचा स्वतःचा टॉक शो आधीच गुंडाळला गेला होता. आजच्या मीटिंगमध्ये असलं नाव चहा यायच्या आत खोडलं जातं. तर या गृहस्थाला ११ जानेवारी १९९९ ला बसवलं, आणि तो ऑगस्ट २०१५ पर्यंत उठला नाही. सोळा वर्षं! तेवढ्यात त्याने सरकारं, चॅनेलं, बँकावाले अशा सगळ्यांना सोलून काढलं. एवढा जम बसलेला माणूस व्यवस्थापनाच्या डोक्याला ताप असतो. त्याचं कौतुक करायचं ते तो गेल्यावर.

जाहिरात मात्र द्या. होस्ट निर्भीड हवा, पण कुणाला लागेल असं बोलणारा नको. तरुण हवा, पण आमच्या आजीलाही ठाऊक असलेला. त्याला ठाम मतं हवीत, मालकांविषयी सोडून. आणि विनोदी असला तर उत्तमच, पण ही अट शेवटी, बारीक टायपात.

विनोदी माणसांचा धोका तुम्हाला कळावा म्हणून एक उदाहरण देतो. आसिफ मांडवी, जन्म आपल्या मुंबईतला, या कार्यक्रमाचा वार्ताहर होता. २०१३ मध्ये तो नॉर्थ कॅरोलिनात मतदार ओळखपत्राच्या कायद्यावर एका स्थानिक रिपब्लिकन पदाधिकाऱ्याची मुलाखत घ्यायला गेला. त्याने ना आवाज चढवला, ना वाद घातला. शाळेतल्या हुशार मुलासारखा समोर बसून राहिला आणि त्या गृहस्थाला बोलू दिलं. तो बोलत सुटला, काळ्या लोकांविषयी जे मनात होतं ते सगळं ओठांवर आलं, आणि मध्येच मांडवीने अगदी काळजीच्या सुरात विचारलं की तुम्ही बोलताय ते आम्हाला ऐकू येतंय, हे ठाऊक आहे ना तुम्हाला? भाग दाखवला गेला आणि त्या माणसाचं पद गेलं. आता सांगा, असं कुणी तुमच्या खुर्चीत बसलं आणि त्याने हाच प्रश्न तुमच्या चेअरमनना विचारला तर?

घरातली माणसं तर अजिबात नकोत. २०१३ च्या उन्हाळ्यात स्ट्युअर्ट सिनेमा दिग्दर्शित करायला गेला, तेव्हा याच कार्यक्रमाचा वार्ताहर जॉन ऑलिव्हर याने दोन महिने त्याची खुर्ची सांभाळली आणि उत्तम सांभाळली. अशा वेळी काय करायचं असतं? पाठ थोपटायची आणि परत कोपऱ्यात बसवायचं. वर्षअखेर त्याला एचबीओने उचललं, आणि २०१६ ते २०२२ सलग सात वर्षं टॉक शोचा एमी पुरस्कार त्याच्या कार्यक्रमाने नेला. बिघडलं काय त्यात? पुरस्कार ठेवायला कपाट लागतं, कपाटाला जागा लागते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणून लोक नावं ठेवतात, पण वळशाच्या प्रवासखर्चाचं बिल निघतं. कळशाचं निघत नाही.

समजा अगदीच कुणाला नेमावं लागलं, तर क्रम पाळा: आधी नाव जाहीर करायचं, जुनी ट्वीट्स नंतर वाचायची. ३० मार्च २०१५ ला नोआचं नाव जाहीर झालं. तोवर तो कार्यक्रमात फक्त तीनदा झळकला होता, त्यामुळे अमेरिकेने कोण हा म्हणून विचारलं आणि उत्तरादाखल त्याचं ट्विटर खाते उघडलं. ज्यू लोकांवरचे, जाड्या बायकांवरचे जुने, बेचव विनोद चोवीस तासांच्या आत वेशीवर टांगले गेले. चॅनेलला पाठराखणीचं पत्रक काढावं लागलं. तुम्ही आधीच वाचून ठेवलं असतं तर जनतेला काय काम उरलं असतं? (मग तो गडी सात वर्षं टिकला, आणि बऱ्यापैकी टिकला. पण हे मीटिंगमध्ये काढू नका.)

आता मुख्य विधीकडे येऊ. जानेवारी २०२३ पासून कॉमेडी सेंट्रलने स्थळं बघायला सुरुवात केली. दर आठवड्याला नवं स्थळ. लेस्ली जोन्स, वांडा साइक्स, डी. एल. ह्यूली, चेल्सी हँडलर, सारा सिल्व्हरमन, एके काळी ओबामांच्या व्हाइट हाउसमध्ये नोकरी केलेला कॅल पेन, चक्क माजी सिनेटर अल फ्रँकन. प्रत्येकाने चार दिवस यायचं, टेबलामागे बसायचं, हसून दाखवायचं, आणि जाताना 'कळवतो' ऐकायचं. कळवायचं कुणी नसतं. चार रात्रींत माणसाला कॅमेरा कुठला ते जेमतेम कळतं, लेखकांना त्याची जीभ कुठे वळते ते कळायच्या आत शुक्रवार उजाडतो. पण दर आठवड्याला नवा प्रोमो मिळतो, नवी बातमी छापून येते, आणि पगाराची बोलणी कुणाशीच करावी लागत नाहीत.

या स्थळांत हसन मिन्हाज होता. पूर्वी याच कार्यक्रमाचा वार्ताहर, भारतीय मुसलमान कुटुंबातला, स्टेजवर वीज. शरद ऋतू येईपर्यंत त्याचंच नाव सगळ्यांच्या पुढे होतं. नोकरी जवळपास पक्की झाली होती, असं पुढे त्यानेच सांगितलं. मग सप्टेंबरमध्ये 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाने त्याचे स्टेजवरचे किस्से तपासले. घरी आलेल्या पाकिटातली पांढरी पूड मुलीवर सांडली आणि तिला घेऊन दवाखान्यात धावलो, असा एक किस्सा होता. दवाखान्यात कुणी गेलंच नव्हतं. मिन्हाजचं म्हणणं, भावना खरी आहे. त्याने पुढे व्हिडिओ काढून सविस्तर खुलासाही केला, आणि साप्ताहिकाने त्याची बाजू तोडूनमोडून मांडल्याची तक्रार केली. मला विचाराल तर स्टेजवरचा विनोदवीर वाढवून सांगणारच, त्यासाठीच आपण तिकीट काढतो. पण वांशिक द्वेषाची गोष्ट वाढवून सांगितली की खऱ्या पीडितांकडेही लोक संशयाने बघायला लागतात, आणि तिथे त्याची बाजू लंगडी पडते. तुम्ही मात्र एवढ्या खोलात शिरू नका. त्यातली मौज बघा: खऱ्या बातम्यांचे अँकर रोज रात्री काय वाट्टेल ते ठोकून देतात आणि खुर्चीवर टिकतात, खोट्या बातम्यांच्या अँकरला मात्र सत्याची परीक्षा आहे. तुमच्या उमेदवाराला ती परीक्षा द्यायला लावा. कुणीच पास होत नाही. तुमचं काम सोपं.

मध्ये अमेरिकेतल्या टीव्ही-सिनेमाच्या लेखकांचा संप झाला, मेपासून सप्टेंबरअखेरपर्यंत. निर्णय न घेणाऱ्याला याहून मोठं वरदान नाही. संप मिटला तरी निर्णय नाहीच, तेव्हा कार्यक्रमाचा वार्ताहर रॉय वूड ज्युनियर याने राजीनामा दिला. हा तोच, ज्याने त्याच वर्षी व्हाइट हाउसच्या पत्रकारांच्या मेजवानीत समोर राष्ट्राध्यक्ष बसलेले असताना सगळ्यांना हसवलं होतं. किती दिवस ताटकळायचं, म्हणाला असेल बिचारा. पुढे सीएनएनने त्याला स्वतःचा कार्यक्रम दिला.

आणि एवढं करून फळ काय? १५ जानेवारी २०२४ ला उत्कृष्ट टॉक शोचा एमी 'द डेली शो'ला मिळाला. नोआ जाऊन वर्ष उलटलेलं, खुर्ची रिकामी, आणि बक्षीस घरात! संपामुळे सोहळा लांबला होता आणि बक्षीस जुन्या भागांना होतं, हे खरं. पण तेवढं तारखा जुळवून बघतो कोण?

नऊ दिवसांनी चॅनेलने घोषणा केली. इतक्या शोधाअंती सापडलेला नवा चेहरा होता जॉन स्ट्युअर्ट. वय एकसष्ट. फक्त सोमवारी. बाकीचे तीन दिवस वार्ताहर आळीपाळीने. १२ फेब्रुवारीला तो परत आला आणि पहिल्याच रात्री बायडन एक्क्याऐंशीचे, ट्रम्प सत्याहत्तरचे, म्हणजे दोघेही फार म्हातारे झालेत, यावर बोलला. त्याचं धैर्य वाखाणावं तेवढं थोडं.

आता फक्त मालकांचं बघायचं राहिलं. जुलै २०२५ मध्ये कॉमेडी सेंट्रलची मालक असलेल्या पॅरामाउंट कंपनीने ट्रम्प यांच्याशी १ कोटी ६० लाख डॉलर देऊन एक खटला मिटवला. तेव्हा तिला आठ अब्ज डॉलरच्या विलीनीकरणासाठी सरकारी मंजुरी हवी होती. याच कार्यक्रमातून मोठा झालेला स्टीफन कोल्बेअर पॅरामाउंटच्याच सीबीएस चॅनेलवर त्या तडजोडीला लाच म्हणाला, आणि त्याच आठवड्यात त्याचा कार्यक्रम मे २०२६ मध्ये बंद करणार असल्याचं कंपनीने जाहीर केलं. कारण निव्वळ आर्थिक, असं कंपनी म्हणते. पुढच्या सोमवारी स्ट्युअर्टने चर्चमध्ये गातात तसा कोरस मागे उभा केला आणि आपल्याच मालकांना तालासुरात अशी शिवी हासडली, जी या लेखात छापता येणार नाही. त्याच आठवड्यात मंजुरी आली. नोव्हेंबरात त्याचा करार वाढवला, डिसेंबर २०२६ पर्यंत.

घाबरायचं कारण नाही. शिव्या देणारा एक तरी घरात असलेला बरा. बाहेर कुणी बोट दाखवलं तर त्याला पुढे करता येतं. फक्त करार वाढवताना एका वर्षाच्या वर जाऊ नका, आणि तेही डिसेंबर तोंडावर आल्यावरच. त्यानंतर काय, हा प्रश्न तुमच्या जागी जो येईल त्याचा.