भाईच्या आधी कोणीतरी भेटायला हवं

पोराच्या हातात कोयता दिसला की सगळ्यांचं एकच म्हणणं असतं, पोलिसांचा धाक राहिला नाही. मला हे पटत नाही. कोयता हातात येईपर्यंत त्या पोराची दोन-तीन वर्षं वाया गेलेली असतात आणि त्या काळात त्याची रोज विचारपूस करणारा एकच माणूस असतो, गल्लीतला भाई. भूक लागली तर वडापाव तो खाऊ घालतो, रिचार्ज तो मारून देतो, मारामारी झाली तर मागे तोच उभा राहतो. आपण सगळे तेव्हा कुठे असतो?

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत आठवी-नववीला शिकवते. वर्गातल्या बऱ्याच पोरांचे वडील यंत्रमागावर आणि आई विड्या वळणारी. वडील रात्रपाळी करून सकाळी झोपतात, आई पानं-तंबाखू घेऊन दिवसभर बसलेली. त्या घरांत माया भरपूर आहे, वेळ नाही. नववीतलं पोरगं सलग चार दिवस आलं नाही की मला धडकी भरते. मग इन्स्टावर ते तलवारीने केक कापताना दिसतं आणि खाली 'किंग', 'भाई' अशा कमेंट पडलेल्या असतात. गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्याही आता पेपरात नेहमीच्या झाल्यात. कोयत्याच्या भांडणातलं पोरगं निदान सिव्हिलपर्यंत पोहोचण्याची आशा असते. कट्टा निघाला की तीही फार उरत नाही.

बंदुकीचं दुखणं कुठवर जातं हे अमेरिकेकडे बघून कळतं. २०२० पासून तिथे १ ते १९ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंचं पहिलं कारण बंदूक आहे. पण यावर मनापासून काम करणारी माणसंही तिथेच आहेत. शिकागोत गॅरी स्लटकिन नावाच्या साथरोगांच्या डॉक्टरने हिंसा साथीसारखी पसरते असं मानून २००० साली एका वस्तीत काम सुरू केलं. गोळीबार झाला की त्याच भागातला, बहुतेक वेळा स्वतः टोळीत राहिलेला माणूस जखमीच्या मित्रांकडे जातो आणि बदल्याची भाषा थंड होईपर्यंत त्यांच्याजवळ थांबतो. सगळ्या शहरांत याला सारखं यश आलेलं नाही. पण त्या पोरांशी बोलायला पोलीस न पाठवता त्यांच्यातलाच माणूस पाठवायचा, हे मला फार मोलाचं वाटतं.

शिकागोतलाच दुसरा कार्यक्रम 'बिकमिंग अ मॅन'. शाळेच्या वेळेतच आठवड्याला एकदा पोरं गोल करून बसतात आणि सोबत एक मोठा माणूस असतो. त्यातला एक खेळ असा. जोड्या करायच्या, एकाच्या मुठीत चेंडू द्यायचा आणि दुसऱ्याला सांगायचं, अर्ध्या मिनिटात तो काढून घे. पोरं झटापट करतात, बोटं पिरगाळतात. नंतर तो माणूस विचारतो, 'नुसता मागितला का नाहीस?'

मी हा खेळ माझ्या वर्गात घेतला. झटापट अगदी तशीच झाली. पण माझ्या प्रश्नावर मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, 'मागितल्यावर देतंय का कोण, मॅडम?' सगळा वर्ग हसला, तो मात्र हसत नव्हता. त्या दिवशी पुढचा धडा बाजूला ठेवला आणि तास संपेपर्यंत आम्ही त्याच्या या एका वाक्यावर बोललो. पोरं किती बोलतात, ऐकणारा भेटला तर!

शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून मुलं निवडावीत तशी निवड करून हा कार्यक्रम तपासला. तो चालू असताना हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झाल्या. कार्यक्रम संपल्यावर अटकांमधला हा फरक टिकलेला दिसला नाही. काही जण म्हणतील, मग उपयोग काय? मला त्यातून एवढंच कळतं की हे मध्येच सोडून द्यायचं काम नाही. एक दिवसाचं समुपदेशन शिबिर, हार-तुरे, फोटो, यातून काही होणार नाही.

पैशाचंही स्पष्ट बोलू. कॅलिफोर्नियातल्या रिचमंड शहराने २०१० पासून सर्वांत धोक्याच्या तरुणांना मार्गदर्शक दिले आणि ठरलेली पावलं उचलणाऱ्याला महिन्याला १००० डॉलरपर्यंत भत्ताही दिला. गुंडांना पगार देता का, अशी ओरड झाली. मला ते योग्य वाटतं. आपल्याकडे पोरांना भत्ता देणं जमणार नसेल, तर निदान त्यांच्यासोबत राहणाऱ्याला तरी मानधन हवं. समाजसेवा म्हणून फुकट राबणारा माणूस सहा महिन्यांत थकतो.

हे सोलापुरात होणार नाही असं कोणी म्हणू नका. २०२१ मध्ये तेजस्वी सातपुते अधीक्षक असताना ग्रामीण पोलिसांनी 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं. मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्टीवर नुसत्या धाडी न टाकता अधिकाऱ्यांनी गावं दत्तक घेतली, समुपदेशन केलं, दुसरा रोजगार उभा करायला मदत केली.

शहरातल्या पोरांच्या बाबतीत मात्र मला एक अट घालायची आहे. 'वाया गेलेल्या' पोरांची यादी करून ती चौकीत द्यायची नाही. इंग्रजांच्या काळातल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली याच शहरात कुटुंबंच्या कुटुंबं काटेरी तारेच्या आत ठेवली गेली, त्यांची हजेरी घेतली गेली. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, पण त्या वस्तीचं 'सेटलमेंट' हे नाव आणि ते ऐकून बदलणाऱ्या नजरा अजून गेलेल्या नाहीत. जन्माने किंवा वस्तीने गुन्हेगार ठरवण्याचं पाप या गावात पुन्हा व्हायला नको.

माणसं शोधायला लांब जायचं नाही. गणपतीच्या आधी गल्लोगल्ली लेझीमचा सराव चालतो. एरवी वर्गात दहा मिनिटं न बसणारं पोरगं तिथे शिकवणाऱ्याच्या एका शिट्टीवर पाय बदलतं. तो शिकवणारा त्याच्या घरचं सगळं जाणतो, बापाशी बोलू शकतो, 'काय बे, शाळेला का गेला नाहीस?' असं हक्काने विचारू शकतो. पत्रा तालीम असो, पाणीवेस तालीम असो, जुन्या पेठांमध्ये मंडळाच्या नावातच तालीम आहे. विसर्जनानंतर ही नाती वर्षभर का सुटावीत?

म्हणून मंडळांच्या अध्यक्षांना माझी हात जोडून विनंती आहे. यंदाच्या वर्गणीतून एका डीजेच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला काढा. आपल्याच गल्लीतला एक भरवशाचा माणूस निवडा, त्याला मानधन द्या आणि दहा-बारा पोरं निदान दोन वर्षं त्याच्याकडे सोपवा. शाळेकडून लागेल ती मदत, हजेरीची चौकशी, दहावीचा फॉर्म, सुटलेली शाळा पुन्हा सुरू करणं, हे माझ्याकडे आणि माझ्यासोबतच्या शिक्षकांकडे लागलं. ज्या मंडळाची तयारी आहे त्यांनी खाली नाव लिहा, मी स्वतः येऊन भेटते.